चित्रांतून नोट्स कशा घ्याव्यात: वस्तू नको, क्रिया काढा

चित्रांतून नोट्स घ्या म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘माझी चित्रकला चांगली नाही.’ ती चांगली असायची गरजच नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात लोकांनी काही शब्द नुसते लिहिले आणि काही शब्दांची चित्रं काढली. चित्र काढलेले शब्द नंतर जास्त आठवले, मग चित्राला ४० सेकंद मिळालेले असोत की फक्त ४. चित्र सुबक आलं की नाही, याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा ही शंका इथेच सोडून द्या.

साहित्य: कोरा कागद, एक काळं पेन, सावलीसाठी एक फिकट मार्कर. रंगीत पेनांचा संच सोबत नेऊ नका. टोपणं उघडण्यात बोलणाऱ्याची दोन वाक्यं निसटतात.

आकार: गोल, चौकोन, त्रिकोण, रेघ, ठिपका. माणूस म्हणजे गोल डोकं, लांबट चौकोनी धड आणि हातपायांना चार रेघा. याला अर्ध्या तासाचा सराव पुरतो.

अक्षर: भराभर लिहिताना शिरोरेषा देऊ नका, फक्त मथळ्यांना द्या, तीही जाड. मग पानावर मुख्य काय आणि तपशील काय, हे वेगळी सजावट न करता दिसतं.

आता खरी अवघड पायरी: ऐकलेल्या बोलण्यातून नेमकं काय काढायचं? इथे मी बराच काळ अडकले होते आणि त्याला कारण होता एक सल्ला, जो आजही सगळीकडे दिला जातो: ‘शंभर चिन्हं पाठ करून ठेवा.’ कल्पना म्हणजे दिवा, प्रक्रिया म्हणजे दातेरी चाकं, ध्येय म्हणजे निशाणाची वर्तुळं. मी ती पाठ केली. परिणाम असा झाला की माझ्या प्रत्येक पानावर तेच दिवे आणि तीच चाकं दिसू लागली. दिवा एवढंच सांगतो की इथे कुणीतरी काहीतरी सुचवलं होतं. काय सुचवलं होतं, ते सांगत नाही.

एकदा लसीकरणावरचं व्याख्यान ऐकताना मी ढाल काढली, सुई काढली, काटेरी गोळ्यासारखा विषाणू काढला. पान देखणं झालं होतं. तीन आठवड्यांनी ते उघडलं तर तीन सुट्या वस्तू समोर होत्या आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध, ते काही केल्या आठवेना. व्याख्यात्यांनी सांगितलं होतं ते असं: लस शरीराला रोगजंतूची ओळख आधीच करून देते, ती ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी मागे राहतात आणि खरा जंतू आला की शरीर लवकर तयार होतं. आज मी हे असं काढीन: दारात एक पहारेकरी, त्याच्या हातात काटेरी गोळ्याचा फोटो, दाराबाहेर तोच गोळा आणि पहारेकऱ्याचं बोट त्याच्यावर रोखलेलं. आकार तेच, पण या चित्रात काहीतरी घडतंय.

म्हणून माझा आग्रह एकच: नाम काढू नका, क्रियापद काढा. वाक्य ऐकताना मनात विचारा, ‘कोण कोणाचं काय करतंय?’ अमूर्त शब्दांनाही हे लागू पडतं. ‘चलनवाढ’ ऐकल्यावर नाण्यांची चळत काढली तर हाती काही लागत नाही. एक नोट आणि भरलेली पिशवी, मग बाण, मग तीच नोट आणि अर्धी पिशवी, असं काढलं की अर्थ पानावर उतरला. ‘विश्वास’ म्हटल्यावर हात मिळवणारी दोन माणसं काढायची घाई करू नका. विश्वास हळूहळू बसतो आणि एका क्षणात तुटतो, असं बोलणारा म्हणत असेल, तर लांबलचक जिना काढा आणि वरच्या पायरीपाशी सरळ कडा.

दुसरी चूक वेळेची. बोलणारा मिनिटाला शंभराहून जास्त शब्द सहज बोलतो, हात तिथवर पोहोचत नाही. ऐकलं की लगेच काढायला घेऊ नका. आधी शब्द लिहा, शेजारी रिकामी जागा सोडा आणि ‘म्हणजे’, ‘उदाहरणार्थ’, ‘थोडक्यात’ यांची वाट पाहा. या शब्दांनंतर बहुतेक वेळा तोच मुद्दा पुन्हा येतो. हीच चित्राची वेळ. चित्र सुचलंच नाही तर जागा तशीच राहू द्या आणि पुढचं ऐका. एका चित्रापायी तीन मुद्दे घालवणं मला अजिबात मान्य नाही.

आकडे, नावं, व्याख्या, सूत्रं मात्र लिहायचीच. त्यांची चित्रं करण्याच्या भानगडीत पडू नका.

बाण काढलात की त्यावर एक शब्द लिहा: ‘मुळे’, ‘नंतर’, ‘म्हणून’. मुका बाण महिन्याभराने कारण दाखवतोय की क्रम, हे तुम्हालाच कळणार नाही.

त्याच दिवशी झोपण्याआधी दहा मिनिटं काढा. लिहिलेले शब्द हाताने झाका आणि फक्त चित्रांवरून सगळा विषय स्वतःला मोठ्याने सांगा. जिथे अडाल, तिथे एक शब्द किंवा एक रेघ वाढवा. सोडलेल्या रिकाम्या जागाही आत्ताच भरा, उद्या त्या भरता येणार नाहीत. रंग द्यायचा तर आता, आणि एकच, तोही जे पुन्हा शोधावं लागणार आहे त्यालाच. कोपऱ्यात तारीख, विषय आणि बोलणाऱ्याचं नाव लिहा.