आयरिश लोकांची बोली उचलताना या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या वॉर्डात भारतातून नवी मुलं-मुली येतात. इंग्रजी चांगलं, परीक्षेचे गुण चांगले, कामाला वाघ. आणि पहिल्या महिन्याभरात सगळी त्याच त्या दगडांना ठेचकाळतात. आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये नर्स म्हणून मला १३ वर्षं झाली. औषध चुकीचं जाऊ नये म्हणून दोघींनी तपासायची सोय असते. तोंडातून गेलेल्या हाकेला तशी सोय नाही. म्हणून हे लिहिते आहे.

'युवर मॅन' म्हणजे तुझा नवरा नव्हे

ही चूक मी स्वतः केली आहे. नोव्हेंबरचा महिना, मला येऊन दुसराच महिना. नवऱ्याच्या व्हिसाचे कागद अडकलेले, तो नाशिकला. चार दिवसांपूर्वीच फोनवर म्हणाला होता, "आलोच समज." दुपारची औषधं वाटत होते, तेवढ्यात वरिष्ठ नर्सने दारातून सांगितलं, "युवर मॅन इज डाउनस्टेअर्स, लुकिंग फॉर यू." गोळ्यांच्या ट्रॉलीला कुलूप लावलं, चावी शेजारणीच्या हातात कोंबली आणि लिफ्टची वाट न पाहता तीन जिने उतरले. खाली सलाईनचा पंप दुरुस्त करून आणलेला माणूस उभा होता. त्याला सही हवी होती. मी सही केली आणि वर आले. त्या पाळीत नंतर कोणाशी फारसं बोलले नाही.

'युवर मॅन' म्हणजे 'तो अमका'. आयरिश भाषेत 'मो घिने' असा प्रयोग आहे, शब्दशः 'माझा माणूस', आणि अर्थ मात्र 'तो गृहस्थ'. इंग्रजीत येताना 'माझा'चा 'तुझा' झाला. मालकी यातही नाही आणि त्यातही नाही. आपण नाही का म्हणत, "आपला तो पेपरवाला आला होता"? पेपरवाला आपला कुठे असतो! पण ऐकणाऱ्याला कोण ते बरोबर कळतं. 'युवर मॅन' हा तो 'आपला तो' आहे, एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. बाईसाठी 'युवर वन', उच्चार 'यर वॉन'कडे झुकणारा.

उरलेलं अर्धं काम जास्त अवघड, आणि उतावळी मुलं नेमकी तिथेच फसतात. अर्थ कळला की दुसऱ्या दिवसापासून वापर सुरू! मागच्या वर्षी एका मुलीने पेशंटच्या बहिणीबद्दल "युवर वन वॉन्ट्स टू टॉक टू द डॉक्टर" असं सांगितलं. बहीण दोन हातांवर उभी. 'युवर वन' म्हणताना बहुतेकदा नाक थोडं मुरडलेलं असतं, हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं. बहिणीला चांगलं ठाऊक होतं. माणूस समोर असताना हे शब्द वापरायचेच नाहीत. पाळी बदलताना माहिती देतानाही नाहीत. तिथे खाट क्रमांक आणि पूर्ण नाव.

माझी स्वतःची सवय सांगते. खिशात छोटी वही असते. नवा शब्द ऐकला की अर्थ लिहीत नाही, तो फोनवरही मिळतो. कोण कोणाला म्हणालं, वयाने मोठं कोण, दोघांचा चेहरा कसा होता, ते लिहिते. तीन वेगवेगळ्या माणसांकडून तीन वेळा ऐकल्याशिवाय तो शब्द माझ्या तोंडी येत नाही. 'आठवड्यात आयरिश बोली' छाप व्हिडिओ पाहून येणाऱ्यांना हे फार संथ वाटतं. वाटू दे. अरे कोणाला, अहो कोणाला, हे आपण तरी व्हिडिओ पाहून शिकलो का?

'सर'चा पाऊस, आणि मग एकदम 'बॉय'

इथे कन्सल्टंटलाही, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरलाही, पहिल्या नावाने हाक मारतात. दर वाक्याला 'सर' लावलंत तर समोरचा अवघडतो. तुम्ही त्याला घाबरता की काय, असं त्याला वाटतं. लिओ वराडकर २०१७मध्ये टीशक, म्हणजे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. ते पदावर असतानाही दुकानातली, बसमधली माणसं त्यांना 'लिओ'च म्हणायची, अगदी त्यांना मत न देणारीसुद्धा. 'सर' आणि 'मिस' टिकून आहेत ते शाळांत. आणि पोलिसाला 'गार्ड' म्हणायचं. ती त्याची रीतसर हाक आहे.

मग 'सर' सुटतं आणि लंबक थेट दुसऱ्या टोकाला जातो. कॉर्कमध्ये वाक्याच्या शेवटी 'बॉय' आणि 'गर्ल' लावतात. 'बॉय'चा उच्चार 'बाय'च्या जवळ जाणारा. सत्तरीचा माणूस सत्तरीच्या माणसाला 'बॉय' म्हणतो, त्यात माया असते. हे आपलं 'लेका' आहे. रुजू होऊन तीन आठवडे झालेल्या मुलाने विभागप्रमुखाला 'थँक्स, बॉय' म्हटलं तर ते 'लेका'च ऐकू येणार, आणि आलंही. 'लॅड्स' त्या मानाने सोपं, कारण ते 'पोरांनो'सारखं आहे. चार बायकांच्या घोळक्यालाही 'लॅड्स' म्हणतात, त्यात पुरुषी काही उरलेलं नाही. फक्त अधिकाराने वरच्या माणसांच्या बैठकीत ते आपण सुरू करायचं नाही.

'पेट' आणि 'लव्ह' वरून खाली वाहतात. ८० वर्षांची बाई तुम्हाला 'पेट' म्हणेल. तुम्ही तिला म्हणालात तर तिला लहान बाळ केल्यासारखं होतं. आपल्या मुलींना यात खोट दिसत नाही, कारण आपल्याकडे दिसेल त्या म्हातारीला आजी म्हणतात आणि ती सुखावते. पण 'ग्रॅनी' म्हणजे आजी नव्हे. नात्याचा आदर त्या शब्दाबरोबर समुद्र ओलांडत नाही, मागे उरतं ते फक्त म्हातारपण. पहिल्या भेटीत 'मिसेस' लावून आडनाव घ्यायचं आणि विचारायचं, तुम्हाला काय म्हणू? नव्वद टक्के वेळा ती लगेच आपलं पहिलं नाव सांगते. आता तो हक्क तिने दिलेला असतो, आपण उचललेला नसतो.

पेशंटचं नाव बदललंय असं समजू नका

आयरिश भाषेला आपल्यासारखीच संबोधन विभक्ती आहे. आपण शेवटाला '-नो' लावतो, ते पुढे 'अ' लावतात आणि नावाचं पहिलं अक्षरच मऊ करतात. शॉनला हाक मारताना 'अ ह्यॉन' होतं, मॉराला 'अ वॉरा'. पश्चिम कॉर्कच्या गेल्टाक्टमधून, म्हणजे आयरिश बोलणाऱ्या पट्ट्यातून आलेल्या एका आजोबांची बायको त्यांना 'अ ह्यॉन' म्हणत होती, आणि आमचा नवा मुलगा वीस मिनिटं 'ह्यॉन' नावाची फाइल शोधत होता. शोधली हे बरोबरच केलं. पण आधी विचारलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं.

एका ओळीच्या चुका

'गो अवे!' म्हणजे 'काय सांगतेस!', निघून जाऊ नका.

'कमिअर टू मी' म्हणजे 'ऐक ना'. हातातलं काम टाकून खाटेपाशी धावायची गरज नाही.

'आय विल, याह' असं लांबवून म्हटलं तर तो नकार आहे.

चहा हवा का, याला 'आय'म ग्रँड' हे उत्तर आलं तर चहा नको आहे. मोठं-भव्य काहीही नाही.

'गिव्हिंग आउट' म्हणजे ओरडणं, रागावणं. आयरिश 'तॉर्त अमाख'वरून शब्दशः आलंय. कोणी काही वाटत नसतं.

'टॉप ऑफ द मॉर्निंग' इथे कोणी म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका.

१७ मार्चला 'पॅडीज डे' असतो. 'पॅटीज' म्हटलंत तर दिवसभर दुरुस्त्या ऐकाल. पण म्हणून कोणत्याही आयरिश माणसाला 'पॅडी' म्हणायचं नाही; त्याचं नाव पॅडी असेल तरच.

'व्हॉट्स द क्रॅक?' यात अमली पदार्थ नाहीत. 'काय चाललंय', एवढंच. हा शब्द मुळात इंग्रजी-स्कॉट्सचा 'क्रॅक', गप्पा या अर्थाचा. उत्तरेतून तो आयरिश भाषेत गेला, तिथे त्याला 'craic' असं आयरिश स्पेलिंग मिळालं आणि १९७०च्या दशकापासून तो त्या नव्या वेशात इंग्रजीत परत आला. इथले जुने लोक अजून त्या स्पेलिंगवरून भांडतात. उत्तर 'नॉट अ बिट' किंवा 'युवरसेल्फ?'. महिन्याभराची हकीकत सांगत बसू नये.

जो शब्द कधीच उचलायचा नाही

याबद्दल मी कोणाशी तडजोड करत नाही. घरात राहणाऱ्या इतर पोरांकडून आपली मुलं 'नॅकर' हा शब्द उचलतात. त्यांना त्याचा अर्थ 'मवाली', 'गबाळा' असा सांगितलेला असतो. शब्दाचा जुना अर्थ म्हातारे, निकामी घोडे मारणारा. आज ती आयरिश ट्रॅव्हलर समाजाला दिली जाणारी शिवी आहे. ट्रॅव्हलर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या फिरस्तीवर राहिलेले इथलेच लोक. १ मार्च २०१७ रोजी आयरिश सरकारने त्यांना स्वतंत्र वांशिक समुदाय म्हणून मान्यता दिली.

एक मुलगा, चांगला, कष्टाळू, जेवणाच्या सुट्टीत बसमधल्या कोणाची तरी गोष्ट सांगताना हा शब्द मोठ्याने बोलला. खोलीचं दार उघडं होतं. समोरच्या खाटेभोवती एक ट्रॅव्हलर कुटुंब बसलेलं. आई, दोन मुली, एक लहान नातू. आई काही बोलली नाही. तिने फक्त नातवाला जवळ ओढलं आणि त्याच्या कानावरून हात फिरवला. तो हात मला अजून दिसतो. मी त्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा तो रडवेला झाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. पण त्या आईला त्याच्या अज्ञानाचा काय उपयोग?

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडेही जातींची, जमातींची नावं शिवी म्हणून फेकली जातात. १८७१च्या कायद्याने पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ला गेला, शिक्का अजून पुसला जात नाही. मग इथे येऊन तोच धोंडा दुसऱ्यावर का फेकायचा?

आणि दुसरीकडे बघा. कॉर्कच्या रस्त्यावर शाळकरी पोरं माणसाला 'फीन' आणि मुलीला 'ब्योर' म्हणतात. हे शब्द ट्रॅव्हलरांच्या स्वतःच्या भाषेतले. ते तिला कॅंट किंवा गॅमन म्हणतात. अभ्यासक शेल्टा म्हणतात. आपल्या भटक्या-विमुक्तांच्या गुप्त बोलींची ही सख्खी बहीण. त्यांचे शब्द फॅशन म्हणून मिरवायचे आणि त्यांचं नाव घेताना शिवी द्यायची, हे मला सहन होत नाही. 'फीन', 'ब्योर' ऐका, ओळखा. वापरायची गरज मला १३ वर्षांत पडलेली नाही.

'हा तर आपलाच शब्द' म्हणून बोलायला जाऊ नका

कॉर्कमध्ये 'लँगर' ही शिवी आहे. मूर्ख, त्रासदायक माणूस; शिवाय त्याला शरीराच्या एका अवयवाचा अर्थही आहे. कोणीतरी हमखास सांगतं की रॉयल मन्स्टर फ्युझिलियर्सचे सैनिक हिंदुस्थानातून 'लंगूर' घेऊन आले, त्याचा हा शब्द झाला. ती पलटण १८८१मध्ये बंगाल फ्युझिलियर्सच्या दोन पलटणी मिळून झाली होती, त्यामुळे गोष्ट ऐकायला गोड लागते. पुरावा मात्र नाही. आपली मुलं ती गोष्ट ऐकून खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात तो शब्द बोलतात. गोष्ट आवडली म्हणून शिवीची शिवी जात नाही.

खरोखर आपल्याकडून आलेला शब्द वेगळाच आहे, आणि माझ्या अगदी घरातला. 'डूलाली.' गॉन डूलाली म्हणजे डोकं फिरलं. तो शब्द म्हणजे देवळाली. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असायचे. काम नाही, उन्हाळा, ताप. त्यात काहींची मनं ढासळली. 'डूलाली टॅप' असा पूर्ण शब्द होता, त्यातला टॅप म्हणजे तप, ताप. मी वाढले ती तिथल्याच लॅम रोडवर.

इथेही चूक होतेच. स्मृतिभ्रंश झालेल्या पेशंटबद्दल एका मुलीने हसत हा शब्द वापरला आणि पेशंटच्या मुलाचा चेहरा कडक झाला. पेशंटने स्वतःबद्दल म्हणावं, घरच्यांनी मायेने म्हणावं. आपण म्हणायचं नाही.

मला तो शब्द पहिल्यांदा ऐकू आला तो एका ८७ वर्षांच्या बाईंकडून. चष्मा हरवला होता, तो त्यांच्या कपाळावरच होता. "आय'म गॉन डूलाली, गर्ल," त्या म्हणाल्या. मी खाटेच्या कडेला टेकले आणि म्हटलं, ते माझं गाव आहे. त्यांचा विश्वास बसेना. मग मी छावणीचं सांगितलं, जहाजांचं सांगितलं, लॅम रोडवरच्या चिंचांचं सांगितलं. त्यांनी नाव पुन्हा म्हणायला लावलं, तीनदा. 'व'वर अडखळल्या, 'ळ' काही जमेना, 'ल'वर थांबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पडदे उघडले, तर खाटेवरून आवाज आला, "मॉर्निंग, देवलाली गर्ल." पुढचे १९ दिवस, घरी जाईपर्यंत, त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याच नावाने हाक मारली नाही.