मनूव्हर हा शब्द नेमका कुठे आणि कसा वापरायचा

इंग्रजी बातम्या वाचताना मनूव्हर हा शब्द हमखास समोर येतो, कधी अंतराळयानाच्या बातमीत, कधी निवडणुकीच्या, कधी गाडीच्या रिव्ह्यूमध्ये, आणि डिक्शनरी उघडली की हालचाल, डावपेच, युद्धसराव, कारस्थान असं सगळं एकत्र दिसतं आणि डोकं गरगरतं. पण या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: जागा किंवा परिस्थिती अडचणीची आहे आणि तिच्यातून शिताफीने वाट काढायची आहे. नुसतं हलणं म्हणजे मूव्ह. विचार करून, हवं तिथे पोचायला केलेली हालचाल म्हणजे मनूव्हर.

आधी उच्चार. म-नू-व्हर, जोर मधल्या नू वर, मॅनोइव्हर वगैरे काही नाही. स्पेलिंग मात्र खरंच त्रासदायक आहे. ब्रिटिश: एम-ए-एन-ओ-ई-यू-व्ही-आर-ई. अमेरिकन: एम-ए-एन-ई-यू-व्ही-ई-आर. कुठलंही एक धरा आणि पूर्ण लेखात तेच ठेवा. ब्रिटिश पद्धतीत आयएनजी लावताना शेवटचा ई जातो हे विसरू नका. शब्द आलाय फ्रेंचमधून, आणि त्याच्या मागे लॅटिनमधलं 'हाताने काम करणं' आहे, खताला जो मॅन्युअर शब्द आहे तोही त्याच मुळाचा, मला हे फार आवडतं.

आता वापर. समजा सोफा दारातून आत न्यायचाय. सरळ ढकलून जात नाही, मग तुम्ही तो उभा करता, एक कोपरा आधी आत घालता, थोडा फिरवता, चौकटीला न घासता पाठ ओढून घेता. या सगळ्या खटाटोपाला एक वाक्य: वी मनूव्हर्ड द सोफा थ्रू द डोअर. इथे मूव्ह्ड लिहिलं तरी चूक नाही, पण मग घाम गाळला ते वाक्यात येतच नाही. पुढे बहुतेक वेळा थ्रू, इनटू, अराउंड किंवा आउट ऑफ येतं, गाडी पार्किंगच्या चिंचोळ्या जागेत घातली तर इनटू.

ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंग शिकवताना 'मिरर, सिग्नल, मनूव्हर' असा क्रम घोकून घेतात, तिथे वळणं, ओव्हरटेक, लेन बदलणं, थांबणं सगळंच मनूव्हर. सैन्याच्या संदर्भात अनेकवचन येतं, ऑन मनूव्हर्स म्हणजे युद्धसरावावर. मेडिकलमध्ये ठराविक पद्धतीने करायची कृती असा अर्थ आहे. घशात घास अडकल्यावर मागून पोटावर दाब देतात तो हाइमलिक मनूव्हर, 1974 मध्ये डॉ. हेन्री हाइमलिक यांनी मांडलेला. नाक-तोंड बंद ठेवून हवा बाहेर ढकलायचा जोर लावतात तो व्हल्साल्व्हा मनूव्हर, विमानात कान बसले की लोक जे करतात ते हेच.

खरी काळजी घ्यायची ती माणसांच्या बाबतीत. दे मनूव्हर्ड हिम इनटू रिझाइनिंग, म्हणजे त्याला असा पेचात धरला की राजीनामा देण्यावाचून इलाज उरला नाही. इनटू नंतर आयएनजीचं रूप येतं. या वाक्यात छुपेपणाचा वास आहे, त्यामुळे बॉसचं कौतुक करायला 'यू मनूव्हर्ड द क्लायंट' लिहू नका, तुम्ही त्यांना कारस्थानी म्हणताय असंच वाटेल, तिथे साधं परस्वेडेड बरं. प्रतिस्पर्ध्यावर डावात मात केली तर आउटमनूव्हर, तो मात्र बिनधास्त वापरा.

रूम फॉर मनूव्हर हा वाक्प्रचार ऑफिसच्या ईमेलमध्ये फार कामाचा, अर्थ हालचालीला वाव. पण 'वी हॅव लिटल रूम फॉर मनूव्हर' म्हणजे वाव जवळजवळ नाहीच, आणि 'अ लिटल रूम' म्हणजे थोडा आहे. भाव ठरवताना हा एक अ राहिला तर समोरचा भलताच अर्थ घेईल.

विशेषण मनूव्हरेबल. छोटी गाडी, होडी, ड्रोन, व्हीलचेअर यांना लावा, म्हणजे कमी जागेतही सहज वळवता येणारं. चपळ माणसाला लावू नका, त्याच्यासाठी अ‍ॅजाइल आहे.