पहाडी खरंच ग्रॅनाइटची आहे का, कसं ओळखायचं

आपल्याकडे टणक दगड दिसला का लोकं ग्रॅनाइट म्हणून मोकळे होतात. आधी तुमचं गाव कुठं आहे ते बघा. अमरावती, वाशीम, बुलडाण्याकडे बहुतेक सगळा बेसाल्ट, म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तिथं ग्रॅनाइट शोधत उन्हात फिरू नका. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे मात्र 200 कोटी वर्षांहून जुना खडक वर आलेला आहे, ग्रॅनाइट आणि नाइस (पट्ट्यापट्ट्यांचा खडक) दोन्ही.

लांबून आकार बघायचा. बेसाल्टचे डोंगर वरून सपाट आन् बाजूनं पायऱ्या पायऱ्या, ग्रॅनाइटची पहाडी गोलसर, वर मोठमोठे गोटे एकावर एक ठेवल्यासारखे. ते कोणी ठेवले नाहीत बरं, खडकाला उभ्या-आडव्या भेगा असतात, पाणी त्यात शिरतं, कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी ठोकळ्याचा गोटा होतो. कुठं कुठं कांद्यासारखे पापुद्रेही सुटलेले दिसतील, वरचं ओझं झिजून गेलं का खालचा खडक फुगतो आणि थर सुटतात.

मग जवळ जा, पण वरची काळपट साल बघून काही ठरवू नका, सगळे इथंच फसतात. ताजा फुटलेला तुकडा घ्या, ओला करा, उन्हात धरा. दाणे नुसत्या डोळ्यानं वेगळे दिसले पाहिजेत: काचेसारखा क्वार्ट्झ, पांढरा नाहीतर गुलाबी फेल्डस्पार, चमचमता अभ्रक. जमिनीत खोल हळूहळू थंड झाला म्हणून दाणे एवढे मोठे. दाणे पट्ट्यापट्ट्यात लागले असतील तर तो नाइस. आणि ओट्यावरचा तो काळाभोर ग्रॅनाइट बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच, दुकानदाराशी भांडून फायदा नाही.

तरी शंका असली तर वजन करा. दोन-तीन किलोचा दगड लटकवायच्या काट्याला बांधून आधी कोरडा तोला, मग बादलीत पूर्ण बुडवून, तळाला टेकू न देता. कोरड्या वजनाला जेवढं कमी झालं त्यानं भागा. 2.65 च्या आसपास आलं तर ग्रॅनाइटसारखा, 2.9 च्या वर गेलं तर बेसाल्ट धरा. छिद्रं असलेला दगड घेऊ नका, आकडा चुकतो.

विहिरीसाठी बघत असाल तर उघड्या खडकावर खोदू नका, अखंड ग्रॅनाइटमध्ये पाणी नसतंच, ते वरच्या मुरमात आणि भेगांत असतं, म्हणून पायथ्याशी जाड मुरूम कुठं आहे ते आधी शोधा.