संकटात कर्ज-अनुदान शोधताना कपड्याच्या धंद्यातल्यांनी या चुका टाळा

लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास बुटीकवाल्या, फॉल-पिको करणाऱ्या बायका, शाळेचे गणवेश शिवणारे कारागीर आणि छोटे रेडिमेडवाले यांचे हिशेब आणि कर्जाच्या फायली बघणं हे माझं रोजचं काम. मार्च २०२० मध्ये लग्नसराई तोंडावर असताना शटर बंद झाली, तेव्हा या मंडळींच्या कागदांत जे घोळ होते, तेच सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात दुकानांत पाणी शिरलं तेव्हाही होते. माणसं कष्टाळू, कामात तरबेज, गिऱ्हाईक बांधून ठेवलेलं. तरीही मदत दुसऱ्याच्या दारात जाते आणि ही मागे राहतात. याचा मला मनापासून त्रास होतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

पॅकेज म्हणजे खात्यात पैसे, असं धरून बसणं

मे २०२० मध्ये केंद्र सरकारनं लहान उद्योगांसाठी ३ लाख कोटींची योजना जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशीपासून फोन सुरू झाले. "ताई, प्याकेज आलंय म्हनं, आपल्याला कवा मिळायचं?" ते अनुदान नव्हतंच. ती कर्जाची हमी होती. २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर धंद्याचं जेवढं कर्ज बाकी होतं, त्याच्या २० टक्क्यांपर्यंत नवं कर्ज बँकेनं द्यायचं आणि त्याची हमी सरकारनं घ्यायची. नवं तारण नाही, हमी शुल्क नाही, मुदत ४ वर्षं, पहिलं वर्ष मुद्दल भरायची गरज नाही, बँकेचं व्याज ९.२५ टक्क्यांच्या आत. योजना चांगलीच होती. पण ज्याच्या नावावर त्या दिवशी धंद्याचं कर्जच नव्हतं, त्याचे २० टक्के म्हणजे शून्य.

माझ्याकडे एक काकू आल्या होत्या. सहा मशिनी, चार मुली कामाला, लग्नाच्या ब्लाउजवरच्या आरी वर्कसाठी उदगीर-अहमदपूरहून बायका यायच्या. पण मशिनी घेतल्या होत्या काकांच्या पगारावर काढलेल्या वैयक्तिक कर्जातून. गिऱ्हाइकाचे पैसे मुलाच्या मोबाइलवर यायचे, मुलींचा पगार रोख जायचा, आणि बोर्ड सोडला तर दुकानाच्या नावाचा एक कागद नव्हता. बँकेत साहेबांनी धंद्याचा पुरावा मागितला तेव्हा काकूंनी पिशवीतून मापाची वही काढली. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, छाती-कंबर-बाहीची मापं, घेतलेली उचल, आणि कोपऱ्याला टाचणीनं लावलेला कापडाचा तुकडा. साहेबांनी पानं उलटली, काम किती नीट आहे तेही म्हणाले, आणि वही परत दिली. त्या वहीत वर्षाची उलाढाल होती, पण बँकेला वाचता येईल अशी नव्हती.

मग आम्ही उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडे होणारी लहान उद्योगांची नोंदणी) केली आणि शॉप ॲक्टखाली, म्हणजे दुकानांच्या कायद्याखाली, सूचना दिली (महाराष्ट्रात तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर एवढी ऑनलाइन सूचना पुरायची). काकूंच्या नावानं चालू खातं उघडलं आणि सगळे व्यवहार तिथून फिरवायला लागलो. पुढच्या वर्षी त्यांना मुद्राचं (लहान धंद्यांसाठीची सरकारी कर्ज योजना) किशोर गटातलं, म्हणजे ५० हजार ते ५ लाखांमधलं कर्ज मिळालं. तोवर चारपैकी दोन मुली दुसरीकडे लागल्या होत्या. पैशाची खरी निकड होती ते महिने निघून गेले होते.

राज्याच्या मदतीतही हेच झालं. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी राज्य सरकारनं ५,४७६ कोटींचं पॅकेज दिलं आणि त्यात फेरीवाल्यांना १,५०० रुपये होते. पण कोणत्या फेरीवाल्यांना? नोंदणी झालेल्या. हातगाडीवर गाऊन-लेगिन्स विकणाऱ्या शेजारी-शेजारच्या दोन गाड्यांतल्या एकीला हे पैसे मिळाले, दुसरीला नाही. पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या योजनेतल्या पहिल्या १० हजारांच्या कर्जालाही नगरपालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागायचंच.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. धंदा बरा चाललेला असतानाच तो कागदावर आणा. गल्ल्यातली रोकड आठवड्यातून एकदा धंद्याच्या खात्यात भरा आणि मालाला लागेल तेव्हा तिथूनच काढा. "खात्यात दाखवलं की टॅक्स लागतो" म्हणून घाबरणाऱ्यांपैकी बहुतेकांचं उत्पन्न कराच्या जवळपासही नसतं. पत मात्र ते स्वतःच्या हातानं घालवतात.

उद्यममध्ये शिलाईचा धंदा 'विक्री' म्हणून लिहिणं

ही चूक बारीक दिसते, पण महागात पडते. सायबर कॅफेत पोरगा विचारतो, "काय धंदा?" तुम्ही म्हणता, "कपड्याचं दुकान." तो ४७ नं सुरू होणारा किरकोळ विक्रीचा कोड टाकून मोकळा. पण तुम्ही कापड घेऊन कपडे शिवत असाल तर तुमचं काम १४ नं सुरू होणाऱ्या वस्त्रनिर्मितीच्या गटात बसतं. मापाप्रमाणे शिलाईसुद्धा त्यातच आहे. व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यममध्ये घेतलं, पण फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या (ज्यांना बँकांनी ठरावीक वाटा द्यायचाच असतो अशा) कर्जापुरतं. पैसे थकले तर दाद मागायचा हक्क त्यांना मिळाला नाही.

हा हक्क शिवणाऱ्यांच्या फार कामाचा आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्यानं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, असा २००६ चा कायदा आहे. नाही दिले तर चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. कोरोनात शाळा बंद झाल्या आणि शिवून दिलेल्या गणवेशांचे पैसे कितीतरी ठिकाणी अडकले. ज्यांची नोंदणी माल देण्याआधीची होती त्यांच्या हातात काहीतरी होतं. नवं कर्ज शोधायच्या आधी स्वतःचेच थकलेले पैसे मागा, त्यावर व्याज भरावं लागत नाही.

आणि उद्यम नोंदणी फुकट आहे. आधार आणि पॅनवर होते. हजार-पंधराशे घेणाऱ्याला हात जोडा.

हप्ता थांबला म्हणजे व्याज माफ, असं समजणं

रिझर्व्ह बँकेनं १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० हप्त्यांना स्थगिती दिली. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनीही "सरकारनं माफ केलंय" म्हणून हप्ते थांबवले. बाकी ३ लाख आणि व्याज १२ टक्के धरा. महिन्याला ३ हजार व्याज, सहा महिन्यांत व्याजावरच्या व्याजासह १८,४५६ रुपये. पुढे सरकारनं २ कोटींपर्यंतच्या कर्जांवरचा चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत दिला. या हिशेबात तो फरक ४५६ रुपये होतो. उरलेले १८ हजार तुमच्याच मुद्दलाला चिकटले. हाती काहीच नसेल तर स्थगिती जरूर घ्या, तिच्यामुळे खातं थकीत होत नाही. पण निदान व्याजाएवढे पैसे तरी भरत राहा.

भांडवल पाहिजे आणि कर्ज मशिनीचं मागितलं

लग्नसराई बुडाली तेव्हा दुकानांत शालू, डिझायनर साड्या, नवरदेवाच्या शेरवान्या तशाच पडून राहिल्या. सुरतेच्या व्यापाऱ्याची उधारी डोक्यावर, मुलींचा पगार बाकी. अशा वेळी लागतं खेळतं भांडवल. पण शेजारणीला ज्युकी मशिनीवर कर्ज मिळालं म्हणून आपणही मशिनीचंच कोटेशन जोडायचं. ते पैसे थेट मशिनीच्या डीलरला जातात, तुमच्या हातात उधारी फेडायला काही येत नाही. डीलरशी संगनमत करून रोख परत घ्यायचा 'शॉर्टकट' काही जण सुचवतात. तसल्या फायलीला मी हात लावत नाही, आणि तुम्हीही लावू नका. बँकेनं पाहणी केली की मशीन दाखवावं लागतं.

ज्यांची कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर बँक देते ती खेळत्या भांडवलाची मर्यादा) आहे त्यांनी आणखी एक बघावं. कापडाची फॅशन वर्षात बदलते. दोन वर्षांपूर्वीचा अनारकली अजून पूर्ण खरेदी किमतीला स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे बँकेला द्यायच्या मालाच्या यादीत, धरू नका. अधिकारी येऊन गठ्ठे उघडून बघतात आणि मग पूर्ण स्टेटमेंटवरचा विश्वास जातो. मी जुना माल वेगळ्या ओळीत, उतरवलेल्या किमतीनं लिहायला लावते.

क्रम चुकवणं

अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना मराठवाड्यात खूप जणांना माहीत आहे, पण माहिती अर्धवट. महामंडळ कर्ज देत नाही, कर्ज बँक देते. आधी महामंडळाच्या पोर्टलवरून पात्रता प्रमाणपत्र, मग बँकेची मंजुरी, मग वेळेवर हप्ता, आणि त्यानंतर व्याजाचा परतावा. कर्ज आधी काढून मग प्रमाणपत्राला धावणारे दर महिन्याला कुणीतरी असतातच.

पीएमईजीपीची (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची) पहिली सबसिडी नव्या युनिटसाठी असते. ती हातातही येत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते आणि मग कर्जात वळती होते. त्या पैशावर दिवाळीचा माल भरायचा बेत करू नका.

पैठणच्या विणकरांनी विणकर ओळखपत्र आणि विणकर मुद्रा यांची चौकशी आधी करावी. साध्या मुद्रापेक्षा व्याजात सवलत मिळते.

बचत गटात असाल तर गटाचं कर्ज विसरू नका. मार्च २०२० मध्ये गटांच्या विनातारण कर्जाची मर्यादा १० लाखांवरून २० लाख करायची घोषणा झाली होती, आणि कित्येक गटांना त्याचा पत्ताच नव्हता.

घाई

एकाच आठवड्यात चार बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशी सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, दिसते. आपला सिबिल अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो अर्जाच्या आधी काढा. जुन्या मोबाइल-फ्रिजच्या हप्त्याची विसरलेली बाकी तिथेच सापडते.

सायबर कॅफेतला तयार प्रोजेक्ट रिपोर्ट तर बिलकुल देऊ नका. औशाच्या गल्लीतल्या बुटीकचं भाडं त्यात ४० हजार लिहिलेलं असतं. साहेब रोज त्याच रस्त्यानं जातात, त्यांना कळतं.

व्हॉट्सॲपवर मुद्राचं 'मंजुरीपत्र' आलं आणि आधी फी भरा म्हणत असेल, तर ती फसवणूकच. सात दिवसांत परत करायच्या ॲपवरच्या कर्जांबद्दल रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२० मध्ये जाहीर इशारा दिला होता. ती ॲप फोनमधले नंबर उचलतात आणि पैसे थकले की तुमच्या गिऱ्हाइकांना फोन लावतात. बुटीकचा धंदा ओळखीवर चालतो, तिथे ही बदनामी भरून निघत नाही. महिनाभराची नड असेल तर सरळ बँकेत सोनं ठेवा, त्यात लाज कसली? फक्त सोन्याच्या किमतीच्या साठ टक्क्यांपुढे उचल करू नका. कोरोनात बँकांना नव्वद टक्क्यांपर्यंत द्यायची मुभा होती. ज्यांनी तेवढी घेतली, त्यांच्यापैकी काहींचे दागिने सोडवायला मी लिलावाच्या नोटिसा वाचल्यात.

तोंडी नकार घेऊन परत येणं

"साहेब नाही म्हणाले" हे मला चालत नाही. अर्ज दिला तर पोच घ्या, पोच देणं बँकेवर बंधनकारक आहे. नकार असेल तर कारण लेखी मागा. अर्ध्या वेळा कारण अगदी साधं निघतं. आयकर विवरणपत्र नाही, भाडेकरार संपला, पत्ता जुळत नाही. ते दुरुस्त करून त्याच शाखेत पुन्हा जा. कोरोनात सूक्ष्म-लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नव्हतं, तरी मागितलं जायचं आणि लोक गुपचूप उठून यायचे. असं झालं तर आधी बँकेच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, पैसे लागत नाहीत. कर्ज द्यायचं की नाही हा निर्णय लोकपाल फिरवत नाहीत. पण पोच न देणं, अर्ज महिनोन्महिने दाबून ठेवणं याची दखल घेतली जाते. तक्रारीला अर्जाची पोच जोडावी लागते, म्हणून ती पहिल्याच दिवशी फाइलमध्ये लावा.