हेजहॉग चिकटवण्याआधी: भुसावळच्या उन्हातली तयारी

डायोरामात (युद्धाच्या छोट्या देखाव्यात) चेक हेजहॉग, म्हणजे रणगाडे अडवणारे लोखंडी काटे, ठेवायचे ठरले, की आधी वहीत साल आणि जागा लिहा. प्लास्टिक त्यानंतर कापा. हे काटे चेकोस्लोव्हाकियाने जर्मन सीमेसाठी घडवले. 1938 च्या म्युनिक करारानंतर ते जर्मनांच्या हाती पडले आणि 1944 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या वाळूत उभे राहिले. 1941 च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर रशियनांनीही रूळ आणि गर्डर तोडून तसेच काटे केले. दोन्हीकडची जमीन वेगळी आणि गंजही वेगळा. ड्रॅगन्स टीथ, म्हणजे रणगाडे अडवणारे काँक्रीटचे दात, ही मुख्यतः वेस्टवॉलची, जर्मनीच्या पश्चिम सीमेवरच्या तटबंदीची ओळख. ते करायचेच असतील तर प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे वेगळ्या दिवशी घ्या.

आता माप. खरा हेजहॉग साधारण 1.4 मीटर उंच, म्हणजे 1/35 मापात (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागात) 4 सेंमी. तिन्ही पट्ट्या एकमेकींना काटकोनात जोडल्या की उंची लांबीच्या 0.58 पट येते, म्हणून प्रत्येक पट्टी 7 सेंमी कापा. 4 मिमीची एल-पट्टी (L आकाराच्या छेदाची) शोभते. तो जमिनीत पुरू मात्र नका! रणगाडा अंगावर चढला की काटा लोळून त्याच्या पोटाखाली जातो, त्याला वर उचलतो आणि रणगाड्याचे साखळीपट्टे जमीन सोडतात. अमेरिकन शर्मन रणगाडा 2.62 मीटर रुंद, म्हणजे मॉडेलमध्ये साडेसात सेंमी. दोन काट्यांतली फट त्याहून कमी हवी, आणि मागची रांग पुढच्या फटींसमोर यायला हवी.

गंजासाठी भुसावळच्या एखाद्या रेल्वे फाटकापाशी गाडी जाईपर्यंत थांबा आणि रुळाकडे नीट पाहा. माथा आरशासारखा चकचकीत, बाजू काथ्यासारखी गडद तपकिरी, आणि खाली खडीवर नारिंगी भुकटी. मी आधी सगळीकडे एकच नारिंगी फासत असे. लोखंड मेल्यासारखं दिसायचं. समुद्रातल्या काट्याच्या खालच्या भागावर भरतीच्या पाण्याची ओली, हिरवट काळी रेघ हवी. मॉस्कोच्या ताज्या कापलेल्या रुळावर गंज कमी, टोकं उजळ.

वाळू गिरणेची घ्या, पण मलमलच्या कपड्यातून गाळून. 1 मिमीचा कण या मापात साडेतीन सेंमीचा दगड होतो. आपली काळी माती किनाऱ्याला वापरू नका. फेविकॉलमध्ये कालवली तरी वैशाखात ती कापसाच्या वावरासारखी भेगाळते. माझा एक तळ असाच गेला, त्यावर तीन रविवार खर्ची पडले होते.

मे महिन्यात ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या (हवेने रंग फवारणाऱ्या पेनाच्या) तोंडाशीच वाळतो. सकाळी सहा ते आठ हीच वेळ धरा, रंग हळू वाळवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब घाला, कूलरचा झोत मॉडेलवर येऊ देऊ नका. आणि शेवटचा काटा चिकटवण्याआधी पुठ्ठ्यातून रणगाड्याच्या रुंदीचा तुकडा कापून रांगेतून सरकवून बघा. तो कुठेही सरळ पार झाला, तर त्या जागी अजून एक काटा लागेल.