हिमालयातला एप्रिल: आधी रात्र बघा, मग वाट

सह्याद्रीत तयार झालेला ट्रेकर घाट चढायचा म्हटलं की नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, शोधतो. बोराट्याची नाळ, सिंगापूर नाळ या वाटा आपल्या अंगवळणी पडलेल्या. बर्फात ही सवय सगळ्यात आधी सोडावी लागते. वरच्या उतारावरचा बर्फ सुटला की तो नाळेतूनच खाली येतो, आणि अरुंद जागेत लहानसं हिमस्खलनही माणसाला खोल गाडतं. तिथे दमछाक झाली तरी चालेल, सोंड, म्हणजे डोंगराची उतरती धार, धरायची.

मी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स मनालीच्या संस्थेत केला. बर्फातलं प्रशिक्षण सोलांगच्या वर बकरथाचला झालं. उत्तरकाशी आणि दार्जिलिंगलाही असे कोर्स होतात, साधारण चार आठवड्यांचे. बॅच निवडता आली तर एप्रिल-मेचीच घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. या दिवसांत बर्फ सकाळी एक असतो आणि दुपारी दुसराच, आणि तो बदल पायाखाली अनुभवल्याशिवाय कळत नाही.

रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि पृष्ठभाग कडक गोठतो. ऊन चढलं की वितळलेलं पाणी कणांमध्ये झिरपतं, कणांची पकड सुटते. ढगाळ रात्री ढग उष्णता अडवतात. मग तंबूबाहेर तुम्ही कुडकुडत असलात तरी बर्फ नीट गोठलेला नसतो. म्हणून पहाटे तीनला उठल्यावर चहाच्या आधी दोन गोष्टी करायच्या: चांदण्या दिसतात का ते बघायचं, आणि काठी बर्फात दाबायची. टोक टक्कन अडलं तर निघायचं. काठी निम्मी आत गेली तर तीव्र उतारांचा बेत त्या दिवशी रद्द.

पूर्वेकडचे उतार सूर्योदयानंतर लगेच तापतात, मग दक्षिणेचे, दुपारी पश्चिमेचे. वरून लाडवाएवढे गोळे गडगडत यायला लागले, बूट घोट्याच्या वर रुतू लागला, की माघारी वळा. शिखर अर्ध्या तासावर दिसत असलं तरीही.

4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक गेले. वेळ दुपारी बाराच्या आसपासची. ही माणसं गिर्यारोहक नव्हती, गाडीने आली होती. त्यामुळे ‘आपण कुठे शिखर चढतोय’ हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. धोका तुम्ही उभे असलेल्या जागेचा जितका, तितकाच डोक्यावरच्या उताराचाही असतो. 30 ते 45 अंशांचे उतार सगळ्यात वाईट. मोबाइलवरच्या अॅपने कोन मोजता येतो. अशा उताराखालच्या सपाटीवर जेवायला बसू नका. उतार ओलांडावाच लागला तर एकेकाने जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची.

ताज्या बर्फाचं गणित वेगळं. पश्चिमी विक्षोभाने, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामानाने, मोठा हिमपात झाला, की किमान दोन-तीन दिवस तीव्र उतारांपासून लांब राहा, पहाटेसुद्धा. 28 फेब्रुवारी 2025 ला उत्तराखंडमधल्या माणा इथे रस्ते कामगारांची छावणी गाडली गेली ती अशा जोरदार हिमवृष्टीत, सकाळीच. ‘डीजीआरई’ ही डीआरडीओची (संरक्षण संशोधन संघटनेची) संस्था हिमस्खलनाचे इशारे जाहीर करते. निघण्याआधी ते बघाच.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, आणि ते वापरायचा सराव हवा. गाडला गेलेला माणूस पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते. खालून मदत येईपर्यंत तेवढा वेळ कधीच निघून गेलेला असतो, तेव्हा शोधायचं काम सोबत्यांचंच. पैसे भरण्याआधी आयोजकाला थेट विचारा: ही साधनं आहेत का, आणि परत फिरायची वेळ किती वाजताची ठेवली आहे? दुसऱ्या प्रश्नाला घड्याळातली वेळ सांगता आली नाही, तर दुसरा आयोजक शोधा.