सॉल्टेअर ते बिंगली: कालव्याकाठून चालताना

इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशायरमध्ये लीड्स–लिव्हरपूल कालव्याच्या काठाने चालायचे असेल, तर सॉल्टेअर स्थानकावर उतरून बिंगलीपर्यंतचा सुमारे 5 किलोमीटरचा टप्पा निवडावा आणि परतीला बिंगलीहून रेल्वे घ्यावी. टायटस सॉल्ट यांची 1853 मध्ये सुरू झालेली लोकर गिरणी स्थानकाला लागूनच आहे. ती आधी सावकाश पाहून घ्यावी, कारण कामगारांसाठी वसवलेले अख्खे गावच तिच्याभोवती उभे आहे.

पुढची वाट मुळात नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली असल्यामुळे जवळजवळ सपाट आहे. डाउली गॅप येथे कालवा सात कमानींच्या दगडी पुलावरून एअर नदी ओलांडतो. तिथे थोडे थांबून खालून वाहणारी नदी अवश्य पाहावी.

बिंगली स्थानक आले म्हणून तिथेच थांबू नये. थोडे पुढे 1774 मध्ये खुले झालेले पाच सलग लॉक आहेत, ज्यांत पाण्याची पातळी टप्प्याटप्प्याने बदलून नावा सुमारे 18 मीटर चढवल्या किंवा उतरवल्या जातात. एखादी नाव येत असल्यास ती पूर्ण वर चढेपर्यंत वेळ काढावा. लॉकच्या ओल्या दगडी कडांवर मात्र पाऊल ठेवू नये, आणि लहान मुलांचा हात धरून ठेवावा.